कथा-कादंबऱ्यांच्या कपाटापुढे अडलेला वाचक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चांगले वाचायला काही मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांतले पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयाचे सभासद असतात. हे ऐकायला विचित्र वाटते, पण कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाजवळ थोडा वेळ थांबले की कारण कळते. सभासद येतात, दोन-चार पुस्तके काढून मलपृष्ठावरचा मजकूर वाचतात आणि शेवटी ओळखीच्या नावाचे एखादे पुस्तक घेऊन देवघेवीच्या टेबलाशी जातात. तेथे नोंद होते, तारखेचा शिक्का पडतो आणि काही दिवसांनी ते पुस्तक बरेचदा अर्धेच वाचून परत येते. या सगळ्या व्यवहारात वाचक आणि ग्रंथपाल पुस्तकाविषयी एक अक्षरही बोललेले नसतात. ते बोलले पाहिजेत, एवढेच सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

इतर विषयांच्या पुस्तकांना या बोलण्याची फारशी गरज पडत नाही. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, एका विषयाची पुस्तके एका क्रमांकाखाली येतात, त्यामुळे पक्ष्यांवरचे एक पुस्तक हाती लागले की त्याच्या शेजारी पक्ष्यांवरचीच आणखी पुस्तके सापडतात. साहित्याचे वर्गीकरण मात्र आधी भाषेनुसार आणि मग प्रकारानुसार होते. म्हणून मराठी कथा-कादंबऱ्यांना सरसकट ८९१.४६३ हा क्रमांक पडतो. रहस्यकथा, ऐतिहासिक कादंबरी आणि एका कुटुंबाची शांतपणे सांगितलेली गोष्ट अशी सगळी मंडळी त्याच क्रमांकाखाली लेखकाच्या नावाप्रमाणे उभी असतात. ज्याला लेखकाचे नाव ठाऊक आहे त्याची यात उत्तम सोय होते, पण नवे काही शोधणाऱ्याला कपाटाकडून काहीच सुगावा लागत नाही. तो सुगावा माणसाकडूनच मिळू शकतो.

योगायोग असा की, त्याच १८७६ साली अमेरिकेतील वुस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी ग्रंथपाल आणि वाचक यांच्या व्यक्तिगत संबंधांवर एक निबंध लिहिला होता. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून दुकानदार जेवढा झटतो, तेवढेच वाचकाचे समाधान करण्यासाठी ग्रंथपालाने झटावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतील प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक आणि वाचकाच्या वेळेची बचत हे तीन तर कथा-कादंबऱ्यांच्या कपाटासाठीच लिहिले असावेत असे वाटते.

परंतु सगळा भार ग्रंथपालांवर टाकणे न्यायाचे नाही, कारण आपण वाचक नीट विचारतही नाही. 'काहीतरी चांगले द्या' या मागणीवर जगातला कोणताही ग्रंथपाल सध्या गाजत असलेले पुस्तकच पुढे करणार. त्याऐवजी मागच्या महिन्यात कोणती कादंबरी आवडली आणि तिच्यातले नेमके काय आवडले, हे सांगितले तर बोलणे पुढे सरकते. अमेरिकेतील सिॲटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी यासाठी चार दारांची कल्पना मांडली आहे: कुणी कथानकाच्या ओढीने पुस्तकात शिरतो, कुणी माणसांसाठी, कुणी स्थळकाळासाठी, तर कुणी भाषेसाठी. 'खुनाचा उलगडा मला आधीच कळला होता, पण त्या इन्स्पेक्टरचे घर आणि त्याची म्हातारी आई डोळ्यांसमोरून हलेनात,' असे सांगणाऱ्या वाचकाला दुसरी रहस्यकथा नव्हे, तर माणसांवर भर देणारी कादंबरी हवी असते, आणि हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नसते. न आवडलेल्या, मध्येच सोडलेल्या पुस्तकांविषयी सांगणेही तितकेच उपयोगी पडते.

पुस्तक कधी सोडावे यासाठीही पर्लबाईंचा हिशेब आहे. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने ५० पाने वाचून पाहावीत. त्यापुढे शंभरातून आपले वय वजा करावे आणि उरतील तेवढीच पाने वाचून निर्णय घ्यावा. सत्तरीच्या वाचकाला ३० पाने पुरतात. वाढत्या वयाचा इतका रोख फायदा दुसरीकडे क्वचितच मिळत असेल! शिवाय ग्रंथालयाच्या पुस्तकासाठी वेगळी किंमत मोजलेली नसते, त्यामुळे ते अर्धवट सोडताना मनाला टोचणी लागण्याचे कारण नाही. अनोळखी लेखकाची भीती वाटत असेल तर त्याच्या कादंबरीआधी त्याचा कथासंग्रह न्यावा. दोन कथांत अंदाज येतो.

ग्रंथपालांना कामाच्या रेट्यात वेळ मिळत नाही आणि सगळी पुस्तके वाचणे कुणालाही शक्य नाही, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण त्यासाठी सगळी पुस्तके वाचावी लागत नाहीत, वाचकांचे म्हणणे साठवावे लागते. पुस्तक परत करताना वाचकाने दोन ओळी लिहाव्यात अशी एक वही टेबलावर असली, तरी थोड्याच काळात कोणाला काय आवडले याचा चांगला संचय होईल. पुस्तकात चिकटवलेली तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठीही पुष्कळ बोलते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एखाद्या कादंबरीवर आजही नियमित शिक्के पडत असतील, तर जाहिरात थांबल्यावरही ती हातोहाती फिरते आहे, असे समजायला हरकत नाही. नुकतीच परत आलेली पुस्तके लगेच कपाटात न लावता दिवसभर वेगळ्या फळीवर ठेवली, तर वाचकांना चाळायला आयती निवड मिळते. मोबाईलवरच्या शिफारशींत एका गाजलेल्या पुस्तकामागे तशीच आणखी चार येतात; या फळीवर मात्र न गाजलेली पुस्तकेही असतात.

ग्रंथालयांच्या समित्यांना माझी विनंती आहे की, अशी वही आणि अशी फळी सुरू करावी, दिवसातला किमान एक तास ग्रंथपालांना देवघेवीच्या नोंदींतून मोकळे करून कपाटांजवळ थांबू द्यावे, आणि कथा-कादंबऱ्यांच्या खरेदीची पुढची यादी करण्यापूर्वी ही वही आणि मागणीची नोंदवही दोन्ही वाचून पाहाव्यात.

आपला विश्वासू,
एक सभासद वाचक