डब्यात दशम्या, समोर ग्लेंडालॉक

संपादक साहेब, स.न.वि.वि.

उन्हाळ्यात दोन महिने लेकीकडे डब्लिनला होतो, जळगावात ४४ डिग्री अन् तिथं आम्ही स्वेटरात! रविवार आला की जावई गाडी काढायचे, हिने दशम्या अन् ठेचा बांधला की निघालो. तिथल्या ‘विकलो’ नावाच्या डोंगरातलं ग्लेंडालॉक तर मनातच बसलंय, दीडेक तासाच्या आत पोचतो, दोन तळी, सहाव्या शतकात संत केविननी वसवलेला मठ आणि ३० मीटर उंच दगडी गोल मनोरा. तळ्याकाठी लाकडी फळ्यांची वाट आहे, त्यावरून नातीची बाबागाडी आरामात गेली अन् माझ्या गुडघ्यांनीपण कुरकुर केली नाही, शिवाय वाटा चुकू नयेत म्हणून रंगीत बाण. पाऊस मात्र कधीही येतो, रेनकोट पाहिजेच. जवळच पॉवर्सकोर्टचा १२१ मीटरचा धबधबा, तिथं तर गवतावर चादर टाकून दुपारभर बसलो.

तेव्हा सारखं आपलं चाळीसगावजवळचं पाटणादेवी आठवत होतं. भास्कराचार्यांचं नाव जोडलेली जागा, गौताळ्याचं जंगल, पावसाळ्यात धबधबे, काय कमी आहे हो? तिथंही आजीआजोबांना, लेकरांना चालता येईल अशी एक सपाट वाट, बाण अन् बसायला बाक करा, एवढंच मागणं आहे.

आपला वाचक, जळगाव