उलट्या आट्याच्या नटावरची खाच

आप्पा,
सविनय नमस्कार.

परवा गाडी पहिल्यांदा आपल्या चार चाकांवर शेतात उतरली. बोरीकाठचं आमचं रान पऱ्हाट्या उपटून मोकळं झालंय. उन्हाने काळी माती दगडासारखी घट्ट झालीय, भेगाही पडल्यात. त्या भेगांवरून दहा-बारा चकरा मारल्या, पण स्टिअरिंग हातात थरथरलं नाही. हे तुम्हाला समोर येऊन सांगितलं तर तुम्ही चहा मागवून विषय बदलाल, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण अमळनेरच्या तुमच्या लेथच्या दुकानात कसं काम होतं ते लोकांना कळायला हवं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी गाडीबद्दल दोन ओळी. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन आणली. हलकी, उघडी, दोन माणसांची. लोक सुटे भाग विकत घेऊन ती घरी जोडत. त्याच घाटाची गाडी मी चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर बांधतोय. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि पुढची नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, जुन्या मारुती ओम्नीची. ही गाडी रस्त्यावर नेणार नाही, शेतातच चालवणार.

ओम्नीच्या पुढच्या चाकाला वरून स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग-शॉकचा उभा खांब, धरतो. मला तिथे चाकाला सांगाड्याशी जोडणारे वर एक, खाली एक असे दोन हात हवे होते आणि वरच्या हाताची लांबी कमी-जास्त करता यायला हवी होती. चाक वरच्या बाजूने किती आत कललंय तो कॅम्बर, वरचा सांधा खालच्यापेक्षा किती मागे आहे तो कॅस्टर. घरी वेल्ड केलेल्या सांगाड्यात दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, ते या हातांतूनच भरून काढायचे असतात.

मी करून आणलेला नमुना तुम्ही बराच वेळ फिरवून पाहिलात. "हाई काय शे?" एवढंच विचारलंत. मी सांगितलं, बाहेरच्या टोकाला १२ मिलिमीटरचा रॉड एंड, म्हणजे गोल सांधा असलेला आट्यांचा दांडा आहे, तो पिळला की लांबी बदलते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तेवढ्याच जाडीचा बोल्ट व्हाइसमध्ये आवळलात, त्यावर तीन फुटी पाइप घातलात आणि मला ओढायला लावलंत. चार-पाच वेळा मागे-पुढे केल्यावर तो तुटला, आटे व्हाइसमधून बाहेर येतात नेमका तिथेच. तुटका तुकडा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात, तो अजून गरम होता. आटा ओढ सोसतो, दाब सोसतो, आडवा जोर सोसत नाही. माझ्या नमुन्यात ब्रेक मारला की सांध्यावरचा सगळा जोर त्या एका आट्यावर आडवा येणार होता. तो तुकडा मी टूलबॉक्समध्ये जपून ठेवलाय.

मग तुम्ही मला दुकानामागे नेलंत. तिथे दुरुस्तीला आलेली ट्रॅक्टरची टॉप लिंक पडली होती. नांगराचा कल बदलायला आपण मधला नळा फिरवतो, तीच. एका टोकाला नेहमीचा सुलटा आटा, दुसऱ्याला उलट्या दिशेने पिळायचा उलटा. दोन्ही टोकं जागेवर राहतात, नळा फिरला की लिंक लांबते किंवा आखडते. ती मी शाळेत असल्यापासून फिरवतोय, पण गाडीत तीच बसते हे दाखवायला तुम्हीच लागलात.

त्यातूनच आताचा हात झाला. चाकाकडून सरळ आत येणारा एक नळा, तो कॅम्बर ठरवतो. त्याच्या बाहेरच्या टोकाशी बोल्टने जोडलेला दुसरा तिरका नळा, तो ब्रेकचा जोर पेलतो आणि कॅस्टर ठरवतो. दोन्हींवर येते ती जवळपास निव्वळ ओढ किंवा दाब. सुरुवातीच्या लोटस सेव्हनमध्येही वरच्या हाताचा एक पाय म्हणजे अँटी-रोल बारच (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) होता, ही गोष्ट मला नंतर कळली आणि फार आनंद झाला.

उलट्या आट्याचा टॅप, म्हणजे आतून आटे पाडायचं हत्यार, बाजारात मिळाला नव्हता. तुम्ही बुश (टोकाचे पोकळ तुकडे) आधी नळ्यात वेल्ड केले, थंड होऊ दिले आणि मग आतून आटा कापलात. आधी आटा आणि मग वेल्डिंग केलं असतं तर तापून आटा बिघडला असता. टूल चकाकडे, म्हणजे लेथच्या काम धरणाऱ्या जबड्याकडे, न जाता चकापासून बाहेर सरकत होतं, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी उलट्या बाजूच्या प्रत्येक चेकनटावर (नळा आपोआप फिरू नये म्हणून आवळायचा नट) तुम्ही बारीक गोल खाच मारलीत. मी मागितली नव्हती. परवा अंधारात बॅटरी धरून काम करताना नखाला ती खाच लागली आणि पाना कुठल्या बाजूला ओढायचा ते लगेच कळलं.

हिशेबही जुळला. आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.२५ मिलिमीटर, दोन्ही टोकं मिळून नळ्याच्या एका फेऱ्याला २.५ मिलिमीटर. वरच्या-खालच्या सांध्यांत २५० मिलिमीटर अंतर, म्हणजे एका फेऱ्याला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त कॅम्बर. तुम्ही दिलेला ओळंबा चाकाशेजारी सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं, एक फेरा दिला, पुन्हा मोजलं. फरक तीन मिलिमीटरच्या जरा पुढे आला, कागदावर ३.३ येत होता. कॅम्बर हलला की टो-इन, म्हणजे चाकांची पुढची तोंडं किती आत वळलीत ते, बदलतो, म्हणून ते तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळ्यात शेवटी दोरी ताणून लावलं.

शॉकवरची, स्प्रिंगला खालून टेकू देणारी कॉलर वर घेतली की स्प्रिंग कडक होते, असंच मला वाटायचं. तुम्ही स्प्रिंगवर २५ किलो ठेवून दाखवलंत, ती १० मिलिमीटर दबली. अजून २५ ठेवलेत, अजून १० दबली. कॉलरने फक्त गाडीची उंची बदलते. कडकपणा हवा तर स्प्रिंगच बदलायला हवी.

त्या सगळ्या दिवसांचे तुम्ही फक्त मालाचे पैसे घेतलेत. पेरणीच्या तोंडावर, बाहेर ट्रॅक्टरवाले खोळंबलेले असताना माझा वेळ तुम्ही कधी तोडला नाहीत. आप्पा, याचे आभार कसे मानू ते मला खरंच सुचत नाही. मनापासून नमस्कार करतो.

मागच्या ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड अजून बाकी आहे. त्यालाही एक टोक सुलटं, एक उलटं. सीमलेस पाइप आणून ठेवलाय. लाइट असेल त्या दिवशी येतो. या वेळी आटा मी कापतो, तुम्ही शेजारी स्टुलावर बसून बघा.

तुमचा,
बोरीकाठचा भाऊ