चालू वॉशिंग सेंटर घेताय? आधी पाणी पाहा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात छोट्या जाहिरातींमधे आजकाल "चालू वॉशिंग सेंटर विकणे आहे" असं लय दिसतं, अन् आमच्या दर्यापूर तालुक्यातले काही पोट्टे त्यापायी घरचं सोनं मोडायला निघाले, म्हणून लिहितो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, गाड्या धुणाऱ्या वॉशिंगवाल्यांचे पंप बिघडले की माझ्याकडेच येतात, त्यामुळे कोणाचा धंदा कसा चालते हे मला बाहेरच्यापेक्षा जरा जास्त कळते.

आपला हा खारपाणपट्टा. बोअरला पाणी लागते, पण कसं? पूर्णा नदीच्या अंगानं कुठंही जा, खारंच. या पाण्यात शाम्पूचा फेस धरत नाही, मग फोम जास्त ओतावा लागते, अन् गाडी उन्हात सुकली की काचेवर पांढरे टिपके. काळ्या बोलेरोवर तर ते दुरून दिसतात, गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. हेच पाणी पंपाचे सील, व्हॉल्व्ह अन् गाडी चढवायच्या रॅम्पचं लोखंड खाते. घेणारा पोरगा नवा पेंट मारलेला रॅम्प पाहून खुश होते, खाली वाकून पायाजवळची गंजाची पापडी नखानं खरवडून कोणी पाहत नाही राजेहो! नळाला शहानूर धरणाचं गोड पाणी येते पण ते प्यायचं, त्यावर गाड्या धुता येत नाहीत, टँकर घेतला तर एका कारमागं उरते काय?

विकणारा बी हुशार असते, नेमकं दसऱ्याच्या आधी बोलावते. खंडेनवमीला ट्रॅक्टर, मालवाहू, टू-व्हीलर सगळ्यांची लाइन लागलेली, मग म्हणते, "पाहा काका, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, गुडविलचे, म्हणजे चालत्या नावाचे, वेगळे दोन लाख." मे महिन्यात जाऊन पाहा म्हणा, बोअर किती वेळ चालते अन् किती वेळात दम तोडते ते. गिऱ्हाईक काय बांधलेलं राहते, समोर दुसरं सेंटर निघालं की तिकडं.

वहीतला हिशेब कोणीही लिहू शकते. त्यापेक्षा लाइटचं बिल मागा, त्यावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, पंप अन् कॉम्प्रेसर चालल्याशिवाय युनिट पडत नाहीत. जोडीला फोनपेचं स्टेटमेंट मागा. बिल पाहताना कनेक्शन कशाचं आहे तेही पाहा, कारण गावाकडं बरेच जण शेतीपंपाच्या लाइनवर वॉशिंग चालवतात. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मधे हा अनधिकृत वापर होते, दुप्पट दरानं आकारणी होते, अन् कधीपासून चालू आहे ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरतात. घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात वीज कंपनीचं पथक आलं तर पैसे कोण भरणार? जुना मालक तेव्हा पुण्यात पोराकडं गेलेला असते. थकबाकीचंही तसंच, नवीन मालकाकडून जुनी बाकी मागता येते असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मधे म्हटलं आहे, ज्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणं.

जागा बहुतेक भाड्याचीच असते. म्हणजे विकणारा विकते ते पंप, कॉम्प्रेसर, व्हॅक्यूम अन् बोर्ड, एवढंच. जागेवाल्यानं पुढच्या वर्षी उठ म्हटलं तर रॅम्प उखडून नेणार कुठं? म्हणून जागेवाल्याला समोर बसवून नवीन करार तुमच्या नावानं रजिस्टर करून घ्या, अन् सातबारा पाहा, अकृषक झाली का नाही ते.

आता सबसिडीचं. पोट्ट्यांना कोणीतरी सांगून ठेवलं की पीएमईजीपीतून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेतून, लोन काढू, ग्रामीण भागात २५ टक्के, काही गटांना ३५ टक्के सबसिडी मिळते. मिळते, पण नवीन युनिट टाकलं तर! चालू धंदा विकत घ्यायला ती योजना नाहीच. मग जुनं भंगार गुडविल देऊन घेण्यापेक्षा थंड डोकं ठेवून नवीन टाकलेलं काय वाईट, निदान पंप तरी कंपनीच्या गॅरंटीत राहते (माझं गिऱ्हाईक कमी होईल ते जाऊ द्या).

साहेब, एक विनंती. जिल्हा उद्योग केंद्राच्या एखाद्या अधिकाऱ्याकडून या योजनेचे नियम साध्या मराठीत लिहून घेऊन छापा, अर्ज ऑनलाइन फुकट भरता येते हेही त्यात टाका, इकडं पोरं एजंटाला हजारो रुपये देऊन बसतात.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती