कवटीच्या पदकावरून करणीचा आळ नको

महोदय,

आमच्या भागातल्या एका जुन्या वाड्यात आवराआवर करताना पेटीतून चांदीचं पदक निघालं. त्यावर कवटी नि आडवी हाडं. फोटो गावोगावी फिरला आणि करणी, गुप्तधन, नरबळी असं वाट्टेल ते त्याला चिकटलं. आता त्या घरच्या सुनेला हळदीकुंकवाचं बोलावणंही येत नाही. हे पाहून जीव तुटतो.

फोटोत कवटीच्या वर गुण्या (गवंड्याचं काटकोनी माप) आणि कंपास स्पष्ट दिसतात. ही फ्रीमेसन मंडळींची खूण. गवंड्याच्या अवजारांतून सदाचार शिकवणाऱ्या या संस्थेची पहिली ग्रँड लॉज, म्हणजे मध्यवर्ती सभा, १७१७ साली लंडनला स्थापन झाली. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ची. संन्यास घेण्याआधी, १८८४ साली, विवेकानंदही कलकत्त्याच्या एका लॉजचे, म्हणजे स्थानिक शाखेचे, सभासद झाले होते.

कवटी येते ती या संस्थेच्या तिसऱ्या दीक्षेतून. बायबलातल्या शलोमोन राजाच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिरम अबिफ गुपित फोडत नाही, म्हणून तिघे त्याला ठार मारतात, अशी ती कथा. दीक्षा घेणाऱ्याला स्वतः हिरमच्या जागी उभं राहून ते मरण अनुभवावं लागतं. काही परंपरांत तर पहिल्या दीक्षेआधी त्याला अंधाऱ्या खोलीत एकटं बसवतात. समोर कवटी, वाळूचं घड्याळ, भाकरी, पाणी. तिथंच त्याने आपलं मृत्युपत्र लिहायचं. मरण ठरलेलं आहे, तेव्हा हातचं काम इमानाने कर, एवढंच ती कवटी सांगते. शंकराच्या गळ्यातल्या मुंडमाळेला हात जोडणाऱ्यांनी तिला भ्यावं कशाला?

फ्रीमेसनांच्या दागिन्यांत एक लहानसा सोनेरी गोळा असतो. उघडला की आतले चांदीचे सहा पिरॅमिड क्रूसासारखे पसरतात, आणि त्यांवर गुण्या, ओळंबा, कवटी, शवपेटी असं बारीक कोरलेलं असतं. सोबत अकेशियाची डहाळीही दिसते. कथेत हिरमला पुरल्याची जागा तिच्यावरूनच सापडते, म्हणून ती आत्म्याच्या अमरत्वाची खूण. आपल्या धुऱ्यावरची बाभूळ याच गोतातली.

अर्थात कवटीची प्रत्येक अंगठी मेसनांची नसते. युरोपात जुन्या थडग्यांवर आणि शोकाच्या अंगठ्यांवरही कवटी सर्रास असे.

एखाद्यावर करणीचा आळ घेणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सरपंच आणि पोलीस पाटलांनी हे येत्या ग्रामसभेत सांगावं, आणि आपणही या पदकाची खरी माहिती ठळक छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती