'इसरलंय' म्हणणाराच लेखक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मालिकांच्या पडद्यामागच्या गमतींवर अर्धं पान आलं होतं. 'रात्रीस खेळ चाले'मधला नाईकांचा वाडा म्हणजे मुंबईत उभारलेला सेट, असं त्यात छापलंय. अहो, तो वाडा सावंतवाडीजवळ आकेरीला आहे! इथून, गोव्यातल्या पेडण्याहून, सकाळी निघालेला माणूस जेवायला घरी परततो. मालिका गाजत होती तेव्हा आमची अर्धी वाडी तो बघून आली. सोबत नेलेल्या एका आजींनी तर आत पाऊल टाकायलाच नकार दिला. म्हणाल्या, "अण्णा आसतलो." म्हणजे मालिकेतले अण्णा नाईक आत असतील!

चूक एक वेळ सोडतो. पण खरी गंमत होती ती पानावर आलीच नाही. २०१६ च्या पहिल्या भागापासून 'इसरलंय', म्हणजे विसरलो, म्हणणारा पांडू घराघरांत पोचला. तो रंगवणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. म्हणजे सगळ्यांच्या तोंडी वाक्यं द्यायची आणि आपण मात्र कॅमेऱ्यासमोर येऊन 'इसरलंय' म्हणायचं! मी गावच्या उत्सवी नाटकांत वीसेक वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, त्यामुळे हे कळलं त्या दिवशी मी एकटाच बसून हसलो. विंगेतल्या माणसाला याहून मोठा विनोद कुठे मिळायचा? तेव्हापासून आमच्याकडे कुणाची वाक्यं अडली की मागून हळूच 'पांडू' अशी हाक येते. महाराजांच्या वेशातल्या नटाला हसू आवरताना मिशी धरावी लागते.

असे आतले विनोद आपल्याकडे नवे नाहीत. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. गावात सकाळी घडलेलं रात्री राक्षसाच्या तोंडी येतं, आणि ज्याच्यावर बोलणं असतं तो पुढच्याच रांगेत बसलेला असतो. टीव्हीच्या लेखकांनी तेच केलं, एवढंच.

दुसरी गोष्ट आपल्या दारातली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं आणि मालिकांची युनिटं गोव्यात उतरली. माझ्या एका नातेवाइकांचं जुनं घर एका मालिकेनं घेतलं होतं. कथा शहरातली, म्हणून शिंपल्यांच्या खिडक्या पडद्यांनी झाकल्या आणि दारापुढच्या बसायच्या बाल्कांवाकडे कॅमेरा वळवायचाच नाही असं ठरलं. पण भोंगा वाजवत पाव विकणाऱ्या पोदेराला कोण झाकणार? नायिका रडायला लागली की नेमका रस्त्यावरून 'पों पों'. साउंडवाल्यानं दोन दिवस डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी युनिटनं सुटीची शिट्टी बंद केली आणि चहाची वेळ झाली की कुणीतरी तोंडानं 'पों' करू लागलं. पुढे एका प्रसंगात नायकाच्या सासूबाई कारण नसताना "पाव आणलात का?" असं विचारतात. प्रेक्षकांना ते वाक्य साधं वाटलं असेल, आमच्या नातेवाइकांच्या घरी मात्र टाळ्या पडल्या.

मे महिन्यात सरकारनं परवानग्या काढून घेतल्या आणि युनिटं गेली. त्या काळात बाहेरच्या माणसांना इथे येऊ द्यावं की नाही यावर झालेला वाद रास्तच होता. घरात कुणी आजारी असताना समोर दिवे लावून लग्नाचा सीन चाललेला मीही पाहिलाय, आणि तेव्हा हसू आलं नव्हतं.

तेव्हा विनंती अशी: कुणाची साडी कितीची आणि कोण कुणाशी बोलत नाही, याला दिलेली जागा थोडी आवरा. ज्यांनी घरं दिली, जेवणं रांधली, गर्दीत उभं राहून दोन वाक्यं म्हटली, ती माणसं पेडण्यापासून काणकोणपर्यंत सापडतील. त्यांच्याकडे बातमीदार पाठवा, संध्याकाळी पाठवलात तर चहाबरोबर पावही मिळेल.

आणि आकेरीची दुरुस्ती तेवढी येत्या रविवारी छापावी.

आपला,
एक प्रॉम्प्टर, पेडणे