करमरकरांचा घोडा बघायला या

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा पडला तेव्हापासून तुमच्या मनात माझ्या शिल्पकामाची धास्ती बसली आहे, हे मला कळतं. फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून पत्र.

तो ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. चौकशीत कारणं निघाली ती गंज, कमकुवत सांगाडा आणि चुकीचं वेल्डिंग. तुम्ही विचारलंत की चेहरा चांगला असून काय उपयोग. खरं आहे. पुतळा उभा असतो तो आतल्या सांगाड्यावर. ब्राँझची कातडी बाहेरून कितीही भक्कम दिसली, तरी ती जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते. मोठ्या पुतळ्यात वाऱ्याचा रेटा आणि सगळं वजन आतलं पोलाद चौथऱ्यात उतरवतं. समुद्राकाठी तर खारी हवा प्रत्येक बोल्टापर्यंत पोचते. आमच्याकडे शिल्पकार आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर पहिल्या आराखड्यापासून एकत्र बसतात. ज्या कामात असं होणार नसेल त्यात मी हात घालणार नाही, एवढं तुम्ही धरून चला.

आई, तू विचारतेस की दिवसभर नक्की करतेस काय. सध्या एका अश्वारूढ पुतळ्याचं मातीकाम चाललंय. आधी छोटं मॉडेल, मग सळ्यांच्या सांगाड्यावर पूर्ण मापाची माती. हे क्ले मॉडेल कला संचालनालयाची समिती पाहते आणि तिने मंजुरी दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग साचा, साच्यात मेण, मेणाभोवती भट्टीला टिकणारं आवरण. ते तापवलं की मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत ब्राँझचा रस ओततात. हवा बाहेर निघायला वाटा ठेवलेल्या नसल्या, तर नेमकं बोट किंवा कानाची पाळी अर्धी राहते.

मोठा पुतळा तुकड्यांत ओततात आणि मग जोडतात. मला सर्वांत आवडतं ते हेच काम. सांधा कुठून न्यायचा हे मातीतच ठरवावं लागतं. परवा शेल्याच्या चुणीच्या तळाशी एक सांधा नेला. वेल्डिंग झाल्यावर ती उंचवटलेली रेघ ग्राइंडरने उतरवली, मग छिन्नीने चुणीची धार पुन्हा काढली. आता मलाही तो सांधा बोटाने चाचपूनच सापडतो. आणखी एक गंमत म्हणजे चौथऱ्यावरच्या पुतळ्याचं डोकं खालून लहान दिसतं, म्हणून ते मुळातच किंचित मोठं घडवतात. स्टुडिओत समोरासमोर पाहणाऱ्याला ते खटकतं. त्याला खाली बसवून वर बघायला सांगावं लागतं.

बाबा, घोड्याचा एक पाय वर असला की स्वार जखमांनी गेला आणि दोन्ही वर असले की रणात पडला, हा तुमच्या ग्रुपवरचा मेसेज मात्र खरा नाही. असा कुठलाही नियम नाही. पाय ठरतो तो तोलावर आणि शिल्पकाराच्या नजरेवर.

घोड्यांवरून मला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांबद्दल सांगायचंच आहे. अलिबागजवळच्या सासवण्याचा, १८९१ सालचा जन्म. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरने पाहिलं आणि पोराला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाठवलं, असं सांगतात. पुढे कलकत्ता, मग लंडन. पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. त्याचं स्वप्न कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं. १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, दुसऱ्याच वर्षी महाराज गेले, आणि पुतळा उभा राहिला तो १९२८ साली. सुमारे आठ टनांचा हा पुतळा माझगावला एकसंध ओतला, आमच्यासारखे तुकडे जोडून नव्हे. आजही एवढं ओतकाम एकदम करायला छाती लागते. रस मध्येच थंड झाला तर सगळंच पुन्हा.

आई म्हणते, एवढं करून पाटीवर नाव नेत्याचं आणि उद्घाटकाचं. करमरकरांचंही नाव पुण्यात किती जणांना ठाऊक आहे? मला याचं वाईट वाटतं, आणि पाटीवर शिल्पकाराचं आणि ओतकाम करणाऱ्यांचंही नाव असायलाच हवं, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते. पण काम मी त्यासाठी धरलेलं नाही. त्या घोड्याच्या मानेवरचे स्नायू मी पहिल्यांदा जवळून पाहिले तेव्हा दुसरं काही करावंसं वाटलंच नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. पावसाळा संपला की दोघंही या. आधी पुण्याला घोडा पाहू, मग सासवण्याला करमरकरांच्या घरातलं संग्रहालय. तिथे त्यांची म्हैस आहे, कोळीण आहे, सिमेंटमधली कामं आहेत. आईला ती माणसं फार आवडतील. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरता येतं, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना लाँचच्या चढउताराचा त्रास नाही. येताना बाबांचा गुडघ्याचा पट्टा आणि आईच्या बीपीच्या गोळ्या जास्तीच्या घ्या. तारीख कळवा, मी त्या आठवड्यात ओतकाम ठेवणार नाही.

तुमची,
मनू