गोळ्या मध्येच बंद करू नकोस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, तिसऱ्या दिवशीच रक्त जायचं थांबलं, आता गोळ्या बंद करू का?" बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते, म्हणून मी नुसतं "नको गं" म्हटलं आणि जेवणाचं विचारलं. एवढी वर्षं झाली, ही सवय काही जात नाही. म्हणून लिहिते.

नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, 10 दिवस असं लिहून दिलंय ना? मग 10 दिवस घ्यायच्या. ही गोळी गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते. मध्येच सोडलीस की ते सुटणार आणि पुन्हा रक्तस्राव सुरू होणार. कोर्स संपल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येईल, थोडी जास्तही जाईल, त्याला घाबरू नकोस. पण तासाला एक पॅड भिजायला लागलं किंवा उठताना अंधारी आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रूममेटला उठव आणि दवाखाना गाठ.

तुला कधी सांगितलं नाही. तू तीन वर्षांची होतीस तेव्हा गौरी बसायच्या आठवड्यातच माझी तारीख होती. मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या, कागदाच्या पुडीत, चिठ्ठी नाही काही नाही. पुडी मिसळणाच्या डब्यामागे लपवली होती. कामाच्या गडबडीत एक दुपार विसरले, मग दुसऱ्या दिवशीही एक. गौरीजेवणाच्या दिवशी पुरणपोळ्या लाटून पाटावरून उठले तर साडीला डाग. गौरींना माझ्या पाळीचं काही नव्हतं गं, सासूबाईंना होतं. पुढे तर प्रत्येक सणाला तेच, आणि अंगावरून जास्त जायला लागलं की थांबवायलाही त्याच गोळ्या, माझ्याच मनाने. तीन वर्षं. शेवटी सोनोग्राफी केली तर गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ, आणि हिमोग्लोबिन नुसतं 7. गोळीने रक्त थांबत होतं म्हणून ते का जातंय हे कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. तुझी सोनोग्राफी आणि थायरॉईड आधीच झालं, हे फार बरं झालं.

आता खरं काम. पुढच्या पाळीपासून तुला इस्ट्रोजेन असलेल्या 21 गोळ्यांचं पाकीट देणार आहेत म्हणालीस. डॉक्टरांनी डोकेदुखीचं विचारलं आणि तू "नाही" म्हणालीस! बारावीला तुझं अर्धं डोकं उठायचं, त्याआधी डोळ्यांपुढे चकाकणारी नागमोडी रेघ यायची आणि पुस्तकातली अक्षरं अर्धी गायब व्हायची, ते काय होतं? तसल्या मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन असलेली गोळी देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. शिवाय तुझ्या आत्याच्या पायात बाळंतपणानंतर गुठळी झाली होती, तेही सांग. पाकिटाची वाट बघू नकोस, उद्याच डॉक्टरांना फोन कर. आत्ताच्या गोळीचाही थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. काय चालू ठेवायचं ते त्या ठरवतील, त्यांच्याकडे दुसरे उपाय असतात. मात्र एकच पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखून धाप लागली, एकाएकी दिसेनासं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा वाटला, तर तेव्हा फोनबिन नाही, गोळी बंद आणि थेट इमर्जन्सी.

वेळा मोबाईलवर लाव. मी कालनिर्णयवर पेन्सिलीने टिंबं काढायचे, तरी विसरलेच. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि तुझ्या स्ट्रिपमधली एकही गोळी कुणा मैत्रिणीला "ट्रिपला जायचंय" म्हणून देऊ नकोस.

डॉक्टरांशी बोलून झालं की मला कळव. फोन बाबांनी उचलला तर त्यांनाच सांग.

तुझी,
आई